बेस (गाण्यातले खालचे, जाड सूर) घुमतोय? स्पीकरला शिव्या देण्याआधी हे बघा

समजा खोलीत एकच सूर वाजतोय, ४३ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४३ कंपनं. स्पीकर तोच, व्हॉल्यूम तोच, आणि एक माणूस नुसता भिंतीपासून खोलीच्या मधोमध चालत येतोय. भिंतीपाशी छातीत धडधडत होतं, मध्यावर आला तर बेस जवळजवळ गायब!

आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. खोली ४ मीटर लांब असेल तर ४३ हर्ट्झची बरोब्बर अर्धी लाट दोन भिंतींमध्ये मावते, ती आपटून आपटून स्वतःतच मिसळत राहते, भिंतीशी फुगते आणि मधे मरते. ८६ ला पुढची, रुंदीची वेगळी, उंचीची वेगळी. म्हणून बेस गिटारचा एखादाच सूर बोंबलतो आणि त्याच्या शेजारचा लागतच नाही. (आणि ते पातळ फोम चिकटवणं सोडा, ८ मीटरची लाट त्याला विचारत पण नाही.)

मग मोजायचं. मेजरमेंट माइक आपण बसतो तिथे, कानाच्या उंचीवर, रूम ईक्यू विझार्ड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यातून स्वीप (खालून वर चढत जाणारा सूर) सोडला की कुठली फ्रिक्वेन्सी किती मोठी ऐकू येते त्याचा ग्राफ समोर येतो. उंच टेकाड दिसलं की पॅरामेट्रिक ईक्यूमध्ये (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारा फिल्टर) तीच फ्रिक्वेन्सी, तेवढाच कट, आणि क्यू, म्हणजे फिल्टर किती अरुंद ते, टेकाडाच्या रुंदीला जुळणारा. यात अजून एक फायदा असा की फिल्टर नीट जुळला तर सूर थांबल्यावर मागे रेंगाळणारी घूं पण कमी होते.

ग्राफमध्ये खड्डा दिसला तर मात्र हात आवरा. १० डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) वाढवायचे म्हणजे अँपकडून दहापट पॉवर मागायची, आणि थेट लाट वाढवली की तिला खोडणारी परतीची लाटही तेवढीच वाढते, म्हणजे खड्डा जिथल्या तिथे आणि स्पीकर बिचारा धापा टाकतोय. तिथे खुर्ची सरकवा नाहीतर सबवूफर (फक्त बेस वाजवणारा स्पीकर, म्हणजेच सब) हलवा, ईक्यूचं ते कामच नाही.

सोफ्यावर तिघं बसत असतील तर तिन्ही जागी मोजा, एकाचा बेस सुधारताना दुसऱ्याचा बिघडू शकतो. २००-३०० हर्ट्झच्या वर मी तरी फार खोडसाळपणा करत नाही, तिथे डोकं जरा हललं तरी ग्राफ बदलतो.

आणि कट केल्यावर आधी वाटणारच की अरे बेस गेला! कारण कानाला त्या घुमण्याची सवय झालेली असते. तेव्हा फिल्टर तसाच ठेवून अख्खा सब दोनेक डीबी चढवा.