दोन-सहाची बांगडी

(पुण्यात पालकांच्या एका मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

पालकहो, वयात येणारी मुले दुसऱ्यांच्या रूपावरून फार बोलतात, त्यांना आवरावे कसे, असे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी चिठ्ठ्यांवर लिहून विचारले आहे. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवूनही या प्रश्नाचे उत्तर मला वर्गात मिळाले नाही. जे थोडेफार मिळाले ते तुळशीबागेत, आणि तेही माझ्या हातून चूक झाल्यावर.

माझी भाची नववीत आहे. घरातल्या एका लग्नासाठी आम्ही दोघी काचेच्या बांगड्या भरायला गेलो होतो. दुकानातल्या बाईंनी तिचा हात हातात घेतला, अंगठा तळव्याकडे दुमडून पंजा हलकेच दाबून पाहिला आणि कोणतेही माप न लावता सांगितले, ‘‘हिला दोन-चार चढायची नाही, दोन-सहा लागेल.’’ भाचीच्या जिवलग मैत्रिणीला दोन-चार बसते, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्या वेळी मला दिसले ते एवढेच, की तिने हात झटकन मागे घेतला आणि बाई फळीवरचा डबा काढायला वळल्या तशी ती माझ्या कानाशी, पण सहज ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘‘स्वतः बघ केवढी जाडी आहे, आणि मला सांगतेय!’’ डब्यापर्यंत गेलेला बाईंचा हात क्षणभर तसाच राहिला.

मी तिला तिथल्या तिथे झापले आणि सॉरी म्हणायला लावले. तिने ते जमिनीकडे बघत म्हटले. ‘‘असू दे हो ताई, लहान आहे,’’ असे म्हणत बाई बांगड्या मोजू लागल्या. आज विचार करताना वाटते, की त्या माफीची शिक्षा मुलीपेक्षा बाईंनाच अधिक झाली, कारण जे ऐकून न ऐकल्यासारखे करण्याची सोय त्यांना होती, ते मी चार गिऱ्हाइकांसमोर उघड करून ठेवले. कोणी तोंडावर टिंगल करत असेल किंवा एखाद्याचा फोटो चोरून काढून मित्रमंडळींत फिरवत असेल, तर तिथे कठोरपणे थांबवलेच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. पण माझा तो आवेश मुलीला सुधारण्यासाठी कमी आणि ‘आमच्या घरचे वळण असे नाही’ हे लोकांना दाखवण्यासाठी जास्त होता.

आणि घरचे वळण काय होते? पीएमपीच्या बसमध्ये अवाक्षर न बोलता आम्ही घरी पोहोचलो, बहिणीने दार उघडले आणि तिच्या तोंडून पहिले वाक्य आले, ‘‘अगं, उन्हात किती काळी पडलीस!’’ त्यापाठोपाठ मला, ‘‘ताई, तू जरा सुटलीस का गं?’’ आपल्याकडे आलेल्या माणसाला पाण्याच्या आधी त्याच्या देहाचा अहवाल मिळतो. ‘किती वाळलास’, ‘केस गेले की रे सगळे’, ‘नाकी-डोळी नीटस आहे, पण वर्ण सावळा’ ही वाक्ये मुलांनी मोबाइलवरून उचललेली नाहीत. माणसाच्या त्वचेतील रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या लोकांत जवळपास सारखीच असते, फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचे रंगद्रव्य बनवतात यात, हे मी अनेक वर्षे फळ्यावर लिहिले. आणि घरी मीही ‘उजळ’ हा शब्द कौतुकाने वापरत आले. 1975 साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध क्रीमने आपल्या नावातला गोरेपणाचा शब्द 2020 साली काढला. आमच्या दारातून तो अजून गेलेला नाही.

लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली मांडले, की स्वतःला जोखायला वस्तुनिष्ठ माप हाताशी नसले, की माणूस दुसऱ्याशी तुलना करून स्वतःची किंमत ठरवतो. त्यात डेव्हिड एल्काइंड यांच्या 1967 मधल्या ‘काल्पनिक प्रेक्षकां’ची भर घाला. या वयातल्या मुलांना सतत वाटत असते, की सारे जग आपल्याकडेच निरखून पाहते आहे. असे मूल दुसऱ्याला ‘जाडी’ म्हणते तेव्हा ते बहुधा त्या न दिसणाऱ्या प्रेक्षकांची नजर दुसरीकडे वळवत असते. म्हणून मुलाने शेरा मारला, की मी आता ‘का बोललास’ असे विचारत नाही. त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत त्याला स्वतःला कोणी मोजले होते, हे आठवून पाहते.

त्या रात्री मी विषय काढला तो बांगडीचा. पट्टी घेतली आणि तिला सांगितले, की बांगडीच्या मापात इंचाचे सोळा भाग धरतात. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार भाग, दोन-सहा म्हणजे वर सहा भाग. तिने स्वतःच वजाबाकी केली. फरक इंचाच्या आठव्या हिश्श्याचा, जेमतेम तीन मिलिमीटर. शिवाय बांगडी अडते ती बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवर, त्यामुळे तिथे उपास-तापास करून काही उपयोग नसतो. ती बराच वेळ आपला पंजा दिव्याखाली उलटसुलट करून पाहत होती, आणि मग मैत्रिणीचे दोन-चार बाहेर आले, फिल्टर लावलेले फोटो बाहेर आले, आईचे ‘काळी पडलीस’ही आले. मी मध्ये बोलले नाही, हे माझ्या स्वभावाकडे पाहता थोडे नाही. शेवटी एवढेच म्हणाले, ‘‘त्या बाईंनीही तुझ्या हाताकडे पाहिलंच होतं. पण बांगडी न फुटता हातात चढावी म्हणून.’’ यावर ती काही बोलली नाही.

बहिणीला सांगणे अधिक अवघड गेले. ‘‘घरात आता बोलायचंही नाही का?’’ असे म्हणून ती रुसली. अजूनही चुकते, मीही चुकते, आणि भाचीचे शेरे थांबले आहेत असे मी तुम्हाला सांगणार नाही.

पंधरा दिवसांनी ती आपणहून म्हणाली, ‘‘मावशी, दोन बांगड्या फुटल्या, तुळशीबागेत जाऊ या?’’ त्याच दुकानात तिने हात पुढे केला आणि बाईंनी काही पाहण्याआधीच म्हणाली, ‘‘काकू, दोन-सहा.’’ बाईंनी तरीही पंजा दाबून पाहिला, मान हलवली आणि बांगड्या भरल्या. त्यांना आम्ही आठवत नव्हतो, की आठवत नाही असे त्यांनी दाखवले, ते मला कळले नाही.