बातमीदार जेव्हा प्रेमकथा लिहू लागते

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि इथे जमलेल्या स्नेहीजनांनो,

पुण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून अनेक वर्षे रात्रपाळी केल्यानंतर मी इंग्लंडमध्ये आले आणि प्रेमकथा लिहू लागले. तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याने फोनवर विचारले होते, "अगं, चांगली बातम्या करत होतीस, मग हे काय मध्येच?" त्या 'हे काय'मागच्या सुराला उत्तर द्यायचे म्हणून आज मी माझ्या पुस्तकाऐवजी जोजो मॉईस या लेखिकेविषयी बोलणार आहे. आपण राहतो त्याच देशात त्यांनी हा रस्ता माझ्या कितीतरी आधी आणि कितीतरी लांब चालून दाखवला आहे.

टॅक्सीसेवेच्या फोनवर बसून गाड्या धाडणे, बँकेच्या अंध ग्राहकांसाठी ब्रेलमध्ये विवरणपत्रे टंकणे अशी कामे करून झाल्यावर मॉईस यांना १९९२ मध्ये 'द इंडिपेंडंट' या दैनिकाची शिष्यवृत्ती मिळाली आणि त्यांनी लंडनच्या सिटी विद्यापीठात वृत्तपत्रविद्येचे शिक्षण घेतले. हाँगकाँगमधले एक वर्ष सोडले तर पुढची सुमारे दहा वर्षे त्या त्याच दैनिकात होत्या. १९९८ मध्ये त्या सहायक वृत्तसंपादक झाल्या आणि नंतर कला व माध्यमे हा विषय सांभाळू लागल्या. पहिली कादंबरी प्रकाशित होण्यापूर्वी त्यांनी तीन कादंबऱ्या पूर्ण लिहिल्या होत्या आणि त्या तिन्ही कोणी छापल्या नाहीत. आपल्याकडे एक कथा साभार परत आली की आपण संपादकाचा कंपू शोधायला लागतो! चौथी कादंबरी २००२ मध्ये निघाली आणि त्यांनी दैनिकाची नोकरी सोडली.

पण बातमीदारी सुटली का? 'द शिप ऑफ ब्राइड्स' ही त्यांची २००५ ची कादंबरी पाहा. युद्धकाळात ब्रिटिश सैनिकांशी विवाह केलेल्या साडेसहाशेच्या आसपास ऑस्ट्रेलियन तरुणींना १९४६ मध्ये सिडनीहून इंग्लंडला आणले गेले, तेही प्रवासी बोटीतून नव्हे, तर 'व्हिक्टोरियस' या विमानवाहू युद्धनौकेवरून. खुद्द मॉईस यांच्या आजीने अशी वधू म्हणून हा प्रवास केला होता. बातमीच्या मेजावर हा मजकूर आला असता तर आम्ही नौकेचे नाव, आकडा, निघाल्याची नि पोहोचल्याची तारीख एवढे ठेवून उरलेले कापले असते, कारण रकान्यात जागा तेवढीच असते. त्या मुलींनी नवऱ्याला किती दिवस पाहिले होते, बंदरावर तो घ्यायला आलाच नाही तर काय करायचे ठरवले होते, हे कापल्या गेलेल्या भागात राहते आणि कादंबरी त्यावर उभी आहे. जहाजावरच्या शिस्तीचा, निवासाचा तपशील त्यांनी बातमीदाराच्या काटेकोरपणे गोळा केलेला दिसतो. मात्र गरज पडली तिथे त्यांनी हात मोकळा सोडला आहे: खरी नौका स्कॉटलंडमध्ये मोडीत काढली गेली, कादंबरी मात्र भारतातल्या जहाजतोडणीच्या आवारात सुरू होते. बातमीत असे केले असते तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागला असता.

ज्या पुस्तकाने त्यांचे नाव जगभर गेले, ते 'मी बिफोर यू' २०१२ मध्ये आले. त्याआधी दहा वर्षांत आठ कादंबऱ्या निघाल्या होत्या, हे सहसा कोणी सांगत नाही. त्याचे बीजही बातमीतलेच होते. रग्बीच्या सरावात पक्षाघात झालेला एक तरुण स्वित्झर्लंडला जाऊन इच्छामरण स्वीकारतो आणि त्याचे आईवडील त्याच्यासोबत जातात, हे कळल्यावर, स्वतः आई असलेल्या मॉईस यांना ते तयार कसे झाले हे उमगेना. बातमीदाराने हा प्रश्न मनात आला तरी गिळायचा असतो, आणि गिळला नाही तर अग्रलेख होतो. त्यांनी त्याची कादंबरी केली. तिचा पक्षाघात झालेला नायकही शेवटी इच्छामरणच निवडतो; या शेवटावर दिव्यांगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्यांनी कडक टीका केली आणि मला ती टीका बरीचशी पटते, परंतु प्रेमकथा म्हणजे वेळ घालवण्याचे वाचन असे मानणाऱ्यांनी तो वाद एकदा वाचावाच.

या वाटेने जाणाऱ्या त्या पहिल्या नव्हेत. सातशेहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या ब्रिटिश प्रेमकथाकार बार्बरा कार्टलंड यांनी १९२० च्या दशकात 'डेली एक्स्प्रेस'मध्ये उच्चभ्रू वर्तुळातल्या खबरी लिहूनच सुरुवात केली होती. इथे प्रेमकथाकारांची स्वतंत्र संघटना १९६० पासून आहे आणि मॉईस यांना तिचा पुरस्कार दोनदा मिळाला आहे. आपण मात्र ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्या पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या आणि चारचौघांत नावे घेताना इतरांची घेतली.

२०१६ च्या मार्चमध्ये 'द इंडिपेंडंट'ची छापील आवृत्ती बंद झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये मॉईस यांनी स्वतः पटकथा लिहिलेला 'मी बिफोर यू'वरचा चित्रपट आला. माझ्या त्या सहकाऱ्याने अलीकडे पुन्हा फोन केला होता. त्याने स्वतः लिहिलेले एक हस्तलिखित मला वाचायला पाठवले आहे, विषय मी सांगणार नाही. आता कार्यकारिणीच्या आग्रहावरून माझ्या कादंबरीतले दुसरे प्रकरण वाचते. पहिले मी छापण्यापूर्वीच कापून टाकले होते, ती उपसंपादकाची सवय.