मोहानच्या अलीकडे

(दृश्य: पहाट. व्हिएनतिआन रेल्वे स्थानकाचं रुंद आवार. पाठीवर सॅक, हातात पासपोर्ट घेतलेली एक प्रवासी रांगेत उभी.)

लाओसची राजधानी व्हिएनतिआन. अजून नीट उजाडलेलं नाही, पण स्थानकाच्या दारात रांग लागली आहे. शहराच्या मध्यापासून हे स्थानक पंधराएक किलोमीटर लांब, त्यामुळे इथे पोचलेला प्रत्येक जण झोपमोड करून आलेला. सकाळी इथून सुटणारी गाडी त्याच संध्याकाळी चीनमधल्या कुनमिंगला पोचते. अंतर 1,035 किलोमीटर. रेल्वेमार्ग खुला झाला 3 डिसेंबर 2021 ला. सीमा ओलांडून थेट जाणारी प्रवासी गाडी मात्र सुरू झाली 13 एप्रिल 2023 ला.

भारतातून चीनला जाणारी थेट विमानं ऑक्टोबर 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली आहेत. घाई असेल त्यानं खुशाल विमान धरावं. पण चीनमध्ये पहिल्यांदाच आणि तेही एकट्यानं जायचं असेल, तर जमिनीवरची वाट अधिक सोयीची, असं आमचं स्पष्ट मत आहे. विमानातून उतरलं की ओळखीचं इंटरनेट, ओळखीचे नकाशे आणि खिशातलं कार्ड या तिन्ही गोष्टी एकाच तासात अडतात, आणि मदतीला कुणी नसतं. रेल्वेनं जाताना बँकॉक आणि व्हिएनतिआन असे दोन मुक्काम मिळतात. जे काही बिनसायचं ते तिथे बिनसतं, आणि तिथेच दुरुस्तही करता येतं.

(दृश्य: टेबलावर पासपोर्ट, व्हिसाचा छापील अर्ज, फोटो.)

सुरुवात घरच्या टेबलावर होते. चीनचा पर्यटक व्हिसा हा ‘एल’ वर्गातला. अर्ज ऑनलाइन भरायचा, छापायचा, सही करायची आणि जायच्या-यायच्या प्रवासाची व मुक्कामाची आरक्षणं जोडून द्यायचा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी आणि कोरी पानं हवीत.

मराठी माणसाचं घोडं अडतं ते नावापाशी. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडूनच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. व्हिसाच्या अर्जात तिन्ही नावं, रेल्वेच्या तिकिटावर दोनच, हॉटेलच्या आरक्षणात आडनाव आधी, अशी सरमिसळ सहज होते. चीनमध्ये रेल्वेचं तिकीट पासपोर्ट क्रमांकाला आणि नावाला बांधलेलं असतं. म्हणून पासपोर्टच्या तळाशी यंत्रासाठी छापलेल्या ज्या दोन ओळी असतात, त्यांतलं नाव ज्या क्रमानं आहे तेच आणि तसंच सगळीकडे भरायचं. त्यात आपल्या मनानं काही बदलायचं नाही.

मधल्या देशांची कागदपत्रं निराळी. लाओसचा ई-व्हिसा भारतीयांना मिळतो, पण तो सगळ्याच नाक्यांवर चालत नाही. कुठे चालतो त्याची यादी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर असते. आपण रेल्वेनं शिरणार आहोत तो नाका त्या यादीत आहे ना, हे पैसे भरण्याआधी पाहायचं.

(दृश्य: बँकॉक. रात्रीचा फलाट. शयनयान डब्यात वरच्या बर्थची शिडी.)

मुंबईहून बँकॉक विमानानं साडेचार तासांच्या आसपास. तिथल्या क्रुंग थेप अफिवत या मोठ्या स्थानकावरून रात्री व्हिएनतिआनची गाडी सुटते. जुलै 2024 पासून ती थेट मेकाँगपार जाते. सकाळी नोंग खाई स्थानकात थायलंडमधून बाहेर पडल्याचा शिक्का बसतो, मग गाडी मैत्री पुलावरून सावकाश नदी ओलांडते. 1994 साली बांधलेला हा पूल. रूळ पुलाच्या मधोमध, रस्त्यातच बसवलेले, त्यामुळे गाडी जाईपर्यंत मोटारींना थांबवून ठेवतात.

ही गाडी जिथे थांबते ते खामसावत स्थानक, आणि चीनची गाडी सुटते ते दुसरंच. थायलंडचे रूळ मीटरगेज, म्हणजे रुळांमधलं अंतर 1,000 मिलिमीटर. लाओस-चीन मार्गाचे 1,435 मिलिमीटर. एकाचे डबे दुसऱ्यावर धावूच शकत नाहीत. त्यात ही गाडी पोचते सकाळी नऊच्या सुमारास, आणि कुनमिंगची त्याआधीच निघून गेलेली असते. त्यामुळे व्हिएनतिआनला एक रात्र काढावीच लागते. ती वाया गेली असं समजू नका. फोन नीट तयार करून घेण्याची ही शेवटची निवांत जागा.

(दृश्य: फोनचा पडदा, अगदी जवळून. बोट एकेक खूण करतंय.)

चीनमध्ये गूगल, व्हॉट्सअ‍ॅप, जीमेल, यूट्यूब बंद आहेत. पण ही अडवणूक चिनी इंटरनेट जोडणीवर होते. भारतीय सिम रोमिंगवर असेल, तर त्याचा डेटा आपल्या मूळ कंपनीच्या जाळ्यातून फिरून येतो, आणि त्यावर या सेवा चालतात. बाहेरच्या देशात घेतलेल्या प्रवासी ई-सिमचंही बहुधा तसंच. हॉटेलच्या वायफायवर गेलात की बंद. त्यामुळे वायफाय लागलं, खूण पूर्ण आहे, तरी व्हॉट्सअ‍ॅप जात नाही, असं झालं तर फोन बिघडलेला नसतो. वायफाय काढा, रोमिंगवर या.

दुसरी गोष्ट पैसे. चीनमध्ये भाजीवाल्यापासून मेट्रोपर्यंत सगळं अलीपे किंवा वीचॅट या मोबाइल अ‍ॅपवर चालतं. 2023 पासून या दोन्हींना ‘व्हिसा’ आणि ‘मास्टरकार्ड’ कंपन्यांची परदेशी बँक कार्डं जोडता येतात. भारतीय प्रवाशाची अडचण वेगळीच आहे. भारत सरकारनं 2020 मध्ये चिनी अ‍ॅपवर घातलेल्या बंदीत वीचॅट सापडलं, त्यामुळे खात्याचा प्रदेश ‘भारत’ असेल तर अ‍ॅप स्टोअरमध्ये ते दिसत नाही. आयफोनवर प्रदेश बदलायचा तर खात्यातली शिल्लक आणि चालू वर्गण्या आधी निकालात काढाव्या लागतात, आणि हे पाच मिनिटांचं काम नाही.

अ‍ॅप मिळालं तरी कार्ड अडतं. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमधून स्वतः चालू करावे लागतात. कार्ड जोडताना ओटीपी येतो तो भारतीय नंबरवर. म्हणजे ते सिम फोनमध्ये हवं आणि रोमिंग चालू हवं. दोन वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डं जोडा. एक नाकारलं गेलं की दुसरं चालतं, असं वारंवार दिसतं.

तिसरी गोष्ट, भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये चिनी भाषा उतरवून ठेवा, म्हणजे नेटशिवायही चालेल. आणि हॉटेलचं नाव, पत्ता, फोन चिनी अक्षरांत कागदावर छापून घ्या. बॅटरी संपल्यावर उपयोगी पडतो तो कागदच.

(दृश्य: स्थानकाची सुरक्षा तपासणी. ट्रेमध्ये स्प्रेचे डबे, कात्री, लायटर साचलेले.)

स्थानकावर किमान तासभर आधी पोचा. आत शिरताना तिकीट, पासपोर्ट आणि सामान तिन्ही तपासतात. इथे सगळ्यात जास्त काढून घेतलं जातं ते डिओडरंट, डासांचा स्प्रे आणि भाजी चिरायची सुरी. दाबाखालचा स्प्रे लाओसच्या स्थानकात आत जाऊ देत नाहीत. घरूनच रोल-ऑन आणा.

गाडी स्वच्छ, वेग ताशी 160 किलोमीटरपर्यंत. लाओसच्या हद्दीत 75 बोगदे आहेत, त्यामुळे खिडकीतून डोंगर दिसला न दिसला तोच अंधार होतो. वांग व्हिएंगचे उभे चुनखडीचे कडे आणि लुआंग प्रबांगजवळचं मेकाँगचं पात्र, एवढ्या दोन वेळी पुस्तक मिटून बाहेर पाहावं. डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो. पाकिटातले झटपट पोहे किंवा उपमा त्या पाण्यात पाच मिनिटांत होतो. चीनभर प्रत्येक गाडीत आणि प्रत्येक स्थानकात असा नळ सापडतो. झाकणाची स्टीलची वाटी आणि चमचा जवळ असला की शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही.

(दृश्य: बोतेन स्थानक. सगळे प्रवासी सामान ओढत उतरताहेत.)

बोतेन हे लाओसचं शेवटचं स्थानक. इथे सगळ्यांनी उतरायचं, सगळं सामान घेऊन. जागेवर जाकीटसुद्धा ठेवायचं नाही. बाहेर पडल्याचा शिक्का, सामानाची क्ष-किरण तपासणी, मग पुन्हा त्याच गाडीत त्याच जागेवर. त्यानंतर 9.59 किलोमीटरचा मैत्री बोगदा लागतो. दोन देशांची सीमारेषा या बोगद्याच्या पोटात आहे. बाहेर येईपर्यंत फोनचं घड्याळ एक तास पुढे सरकलेलं असतं. सगळ्या चीनमध्ये एकच वेळ, भारताच्या अडीच तास पुढे. तिकिटावर लाओसची स्थानकं लाओसच्या वेळेत आणि चीनची चीनच्या वेळेत छापलेली असतात. प्रवासाचे तास मोजताना हा एक तास वजा करायचा.

आणि मग मोहान, चीनच्या हद्दीतलं पहिलं स्थानक. पुन्हा सगळं सामान घेऊन खाली. आगमनाचा अर्ज नोव्हेंबर 2025 पासून ऑनलाइनही भरता येतो, नाहीतर इथे कागदावर. त्यात चीनमधला पहिला पत्ता मागतात, तो छापलेला कागद आता कामी येतो. 14 ते 70 वर्षांच्या परदेशी प्रवाशांच्या बोटांचे ठसे घेतले जातात. काच कोरड्या बोटांना दाद देत नाही. तळहात एकमेकांवर चोळून बोटं सपाट दाबली की यंत्र लगेच घेतं. एकट्या प्रवाशाला चार प्रश्न जास्त विचारतात. कुठे जाणार, किती दिवस, कुठे राहणार, काम काय करता. उत्तरं छोटी आणि व्हिसाच्या अर्जाशी जुळणारी हवीत.

कस्टमची एक बाब भारतीयांनी विशेष ध्यानात ठेवावी. चीनच्या अधिकृत नकाशाशी न जुळणारे छापील नकाशे तिथे जप्त होऊ शकतात. अरुणाचल प्रदेश आणि अक्साई चीन दाखवणारा आपला नकाशा, अगदी डायरीच्या मागच्या पानावरचासुद्धा, घरीच ठेवलेला बरा. ताजी फळं, मांस आणि दुधाचे पदार्थही नेता येत नाहीत. म्हणजे पेढे नाहीत. चिवडा चालतो.

(दृश्य: संध्याकाळ. कुनमिंगचं स्थानक, उंच छत, लोकांचा लोंढा.)

कुनमिंग समुद्रसपाटीपासून सुमारे 1,890 मीटर उंचावर. लाओसच्या घामानंतर इथली हवा अंगाला गार लागते, तेव्हा स्वेटर सॅकच्या वरच्या कप्प्यात हवा. उतरायचं स्थानक ‘कुनमिंग’ आहे की ‘कुनमिंग दक्षिण’, हे तिकिटावर नीट वाचा. दक्षिण स्थानक शहराच्या मध्यापासून पंचवीसेक किलोमीटर लांब आहे, पण मेट्रोनं जोडलेलं आहे.

पहिल्या रात्रीचं हॉटेल स्वस्तातलं शोधू नका, परदेशी पाहुण्यांची सवय असलेलं शोधा. चीनमध्ये पोचल्यापासून 24 तासांच्या आत परदेशी माणसाच्या मुक्कामाची नोंद पोलिसांकडे व्हावी लागते. हॉटेल ती स्वतः करतं. कुणाच्या घरी उतरलात तर जवळच्या पोलीस चौकीत यजमानाबरोबर जाऊन आपणच करायची. लहान लॉजमध्ये काउंटरवरच्या मुलीला परदेशी पासपोर्ट प्रणालीत कसा भरायचा हेच ठाऊक नसतं, आणि रात्री नऊ वाजता खोली नाकारली जाते. पहिल्या रात्री हा ताप नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम म्हणजे एखादी लहानशी खरेदी. पाण्याची बाटली घ्या आणि अलीपेनं पैसे द्या. चाललं तर निश्चिंत व्हा. परदेशी कार्डावर 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नसतं, त्यापुढे 3 टक्के लागतं. शिवाय आपली बँक आपला आकार घेतेच. नाही चाललं, तर बँकेच्या एटीएममधून रोकड काढा. सगळ्यात मोठी नोट 100 ची. ती लगेच मोडून 10 आणि 20 च्या करून घ्या. रोकड नाकारायला कायद्यानं मनाई आहे, पण सुटे नसले की दुकानदार खरोखरच अडतो.

नकाशाचा घोळ याच सकाळी कळतो. चीनमध्ये नकाशे वेगळ्या निर्देशांक पद्धतीवर बेततात आणि त्यात मुद्दाम सरकवासरकव केलेली असते. त्यामुळे परदेशी अ‍ॅपमध्ये आपला निळा ठिपका काही शे मीटर भलतीकडे, कधी तळ्यातसुद्धा दिसतो. स्थानिक गावद नकाशा, म्हणजेच अमॅप, वापरा. आयफोनवरचा अ‍ॅपलचा नकाशाही तिथे बरोबर चालतो.

(दृश्य: खानावळ. मोठा वाडगा, वर तेलाचा पातळ थर. वाफ दिसत नाही.)

कुनमिंग ज्या प्रांतात आहे त्या युन्नानचं नाव निघालं की हा वाडगा येतोच, ‘क्वोछ्याव मीश्येन’, पुलापलीकडच्या तांदळाच्या शेवया. रस्सा उकळता, पण वर तेलाचा थर असल्यानं वाफ बाहेर येत नाही आणि तो थंड आहे असं वाटतं. नवखा माणूस घोट घेतो आणि जीभ भाजून घेतो. आधी बाजूच्या बशांतल्या चकत्या आणि भाज्या आत सोडायच्या, त्या त्याच उष्णतेत शिजतात. शेवया शेवटी. रस्सा कोंबडीचा किंवा डुकराच्या हाडांचा असतो, तेव्हा वरून मांस काढून टाकलं म्हणून तो शाकाहारी होत नाही.

शाकाहाऱ्यानं ‘मांस नको’ एवढंच म्हणून भागत नाही. भाजी चरबीत परतलेली असू शकते. ‘वो छ् सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, हे वाक्य, आणि त्याखाली ‘मांस, मासे, अंडं, हाडांचा रस्सा, प्राण्यांची चरबी नको’ हे चिनीत लिहिलेलं कार्ड दाखवा. आणि युन्नानमध्ये ‘रूबिंग’ मागायला विसरू नका. बकरीच्या दुधाचं हे पनीर, जाड चकत्या करून तव्यावर सोनेरी होईपर्यंत परततात आणि मीठ-मिरपूड किंवा साखरेबरोबर देतात. चीनच्या बहुतेक भागांत दुधाचे असे पदार्थ स्वयंपाकात नसतात. इथे आहेत.

गप्पांना भाषा नसली तरी एक नाव कामी येतं. ‘के दीह्वा’. चीनमध्ये या नावानं ओळखले जाणारे सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 ला तिथेच वारले, वय अवघं 32. उत्तरेत शिच्याच्वांगला त्यांचं स्मारक आहे. म्हाताऱ्या माणसांना हे नाव सांगावं, आपण त्यांच्याच प्रांताचे हेही सांगावं.

(दृश्य: तिसरा दिवस. स्थानकातले स्वयंचलित दरवाजे, चिनी प्रवासी ओळखपत्र टेकवून आत जाताहेत.)

तिसऱ्या दिवशी युन्नानमधल्याच दाली शहराची गाडी, सुमारे दोन तासांची. कागदी तिकीट नाही, पासपोर्ट हेच तिकीट. स्वयंचलित दारात परदेशी पासपोर्ट वाचला गेला नाही, तर मागच्या रांगेला खोळंबून ठेवू नका. कडेला माणूस उभा असतो, त्या दारानं जा. फलाटाकडचं दार गाडी सुटण्याच्या पाच मिनिटं आधी बंद होतं आणि मग कुणासाठीही उघडत नाही. बरोबर सामान 20 किलोपर्यंत, लांबी-रुंदी-उंचीची बेरीज 130 सेंटिमीटरच्या आत.

(दृश्य: दार उघडतं. ती आत जाते. डब्यातल्या नळाखाली वाटी धरते. वाफ वर येते.)