पाडायला काढलेलं घर

[दृश्य : कृष्णधवल. रिकामा, वळणावळणाचा रस्ता. लांबून एक मोटार दफनभूमीकडे येते.]

१९६७ सालचा उन्हाळा. अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनिया राज्यात, पिट्सबर्ग शहराच्या उत्तरेला, इव्हान्स सिटी नावाचं एक लहानसं गाव. गावाबाहेर शेतात एक जुनं घर उभं होतं. ते लवकरच पाडायचं ठरलेलं होतं. घरात नळाचं पाणी नव्हतं, ते झऱ्यावरून भरून आणावं लागायचं. अशा घरात पिट्सबर्गहून आलेली काही तरुण मंडळी मुक्कामाला आली. जुन्या सामानाच्या दुकानातून त्यांनी खुर्च्या-टेबलं आणली आणि कॅमेरा लावला. घर पाडायचंच होतं, त्यामुळे भिंतीत खिळे ठोकले, दारं उखडली, काचा फोडल्या, तरी कुणाची ना नव्हती.

त्यांचा म्होरक्या जॉर्ज रोमेरो. वय सत्तावीस. मित्रांबरोबर तो पिट्सबर्गमध्ये ‘द लेटेन्ट इमेज’ नावाची छोटी कंपनी चालवायचा. जाहिराती करायच्या, कारखान्यांसाठी माहितीपट करायचे. लहान मुलांच्या एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमासाठी त्यानं टॉन्सिलच्या ऑपरेशनवर एक छोटी फिल्मसुद्धा केली होती. आता त्यांना सिनेमा करायचा होता. दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर काढले. म्हणजे ६,००० डॉलर. पुढे आणखी माणसं जोडत, उसनवारी करत खर्च १,१४,००० डॉलरच्या आसपास गेला. हॉलिवूडच्या हिशेबात ही रक्कम काहीच नव्हती.

सिनेमाचं नाव ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’. मेलेली माणसं उठतात, जिवंत माणसांना खातात. एका घरात सात जण अडकतात. एवढीच गोष्ट. तरी आज साठ वर्षं होत आली, अमेरिकेतल्या वर्णद्वेषाबद्दल बोलणारा सिनेमा म्हणून त्याचा अभ्यास होतो. मला त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. हे भाष्य या सिनेमात आलं कुठून? कारण ते लिहायला कुणी बसलंच नव्हतं.

[दृश्य : उसाचा अजस्र चरक. अंधारात फिरणाऱ्या आकृती.]

थोडं मागं जाऊ. मरून पुन्हा उठणारा हा झोंबी मुळातला हैतीचा. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरचा हा मुलूख फ्रेंचांच्या ताब्यात होता, तेव्हा आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम तिथल्या उसाच्या मळ्यांत राबायचे, राबता राबता मरायचे. मेल्यावर आपला आत्मा समुद्रापलीकडे, आपल्या पूर्वजांच्या देशी परत जाईल, एवढी एकच आशा त्यांच्याजवळ होती. झोंबी म्हणजे ती आशाही हिरावून घेतलेला माणूस. मेला तरी त्याची सुटका नाही. उठायचं आणि पुन्हा मळ्यात राबायचं, तेही कायमचं.

अमेरिकी फौजा १९१५ ते १९३४ हैतीत ठाण मांडून होत्या. त्याच काळात ही गोष्ट अमेरिकेत पोचली. १९३२ साली ‘व्हाइट झोंबी’ आला. दुसऱ्या सिनेमांसाठी उभारलेले सेट भाड्यानं घेऊन उरकलेला, अगदी स्वस्तातला सिनेमा. त्यातला बराचसा भाग आज बघवत नाही. पण साखरेच्या कारखान्याचा एक प्रसंग आहे. झोंबी मोठा चरक ढकलत असतात. वर एक जण उसाची टोपली घेऊन चालताना तोल जाऊन थेट चरकात पडतो. कुणी थांबत नाही. कुणी मान वळवत नाही. संगीत नाही, नुसती चरकाची करकर ऐकू येत राहते. गुलामगिरीवर एक वाक्यही न बोलता त्या प्रसंगानं गुलामगिरी दाखवली आहे. पोटापाण्यासाठी घाईघाईत केलेल्या सिनेमातही असं सत्य शिरतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

[दृश्य : शेतातलं घर. खिडकीवर फळ्या ठोकणारा माणूस.]

आता परत इव्हान्स सिटीत. पैसा नव्हता, त्यामुळे जे हाताशी होतं तेच पडद्यावर आलं. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप. कृष्णधवल फिल्मवर ते रक्तासारखंच दिसतं. प्रेतांचं मांस म्हणून खाटकाकडून आणलेली आतडी. निर्माते स्वतःच नट, नटच रंगभूषाकार. एका निर्मात्याची मुलगी सिनेमातली आजारी पोर झाली. घराच्या तळघरात चित्रीकरण जमेना, म्हणून ते प्रसंग शहरातल्या ऑफिसच्या तळघरात उरकले. सुरुवातीची मोटार तर रसेल स्ट्रायनर या निर्मात्याच्या आईची होती. शूटिंगच्या दोन दिवसांच्या मधे त्या मोटारीला ठोकर बसली. नवी आणायला पैसे कुठले? मग प्रसंगच बदलला. सिनेमातली नायिका बार्बरा पळते, मोटार उतारावरून घरंगळते आणि झाडावर जाऊन आदळते. पोचा आता गोष्टीतलाच झाला.

याच पद्धतीनं या सिनेमाला त्याचा नायक मिळाला. बेन नावाचं पात्र लिहिलं होतं ते रांगड्या ट्रक ड्रायव्हरचं. त्याचा वर्ण पटकथेत कुठंच सांगितलेला नव्हता. निवडीला ड्वेन जोन्स आला. रंगभूमीवर काम केलेला, शिकलेला, कृष्णवर्णीय नट. ओळखीच्या सगळ्या नटांत तोच सरस होता म्हणून घेतला, असं रोमेरो आयुष्यभर सांगत राहिला. जोन्सनं ट्रक ड्रायव्हरची ती भाषा बोलायला नकार दिला आणि आपले संवाद आपल्या तोंडी बसतील असे करून घेतले. पण त्याचा वर्ण कळल्यावरही गोष्टीत काही बदललं नाही. त्या घरात कुणी बेनला त्याच्या रंगावरून एक शब्द बोलत नाही.

रोमेरोला वाटायचं, आपण रंगाकडे पाहिलंच नाही. जोन्सला तसं वाटणं शक्य नव्हतं. ते १९६७ साल होतं. त्याच जुलैत नेवार्क आणि डेट्रॉइट ही शहरं वांशिक दंगलींत पेटली होती, एकट्या डेट्रॉइटमध्ये ४३ माणसं मेली होती. पडद्यावर एक काळा पुरुष गोऱ्या बाईला थोबाडीत मारतो, गोऱ्या पुरुषाला गोळी घालतो, घरात कुणी काय करायचं ते ठरवतो. त्या वर्षी हे पाहणाऱ्यांना काय वाटेल, हे त्या सगळ्या मंडळींत फक्त त्यालाच नीट ठाऊक होतं. शेवट गोड करावा का, असा विचार निघाला तेव्हा त्यानंच रोमेरोला अडवलं. इतकं सगळं घडून गेल्यावर खोटाखोटा वाचलेला बेन कृष्णवर्णीय प्रेक्षकांना नको असेल, असं त्याचं म्हणणं होतं. या सिनेमाच्या कौतुकात जोन्सचा हा वाटा नेहमी मागं पडतो. तसा तो पडू नये.

[दृश्य : पहाट. धुकं. कुत्र्यांच्या भुंकण्याचा आवाज.]

तो शेवट नीट पाहा. रात्र सरली आहे. घरातले बाकी सगळे मेले. बेन एकटा तळघरात बसून आहे. बाहेर शेरीफ आणि त्याची माणसं रान साफ करत येत आहेत. ही माणसं म्हणजे खरोखर इव्हान्स सिटीच्या परिसरातली. अंगावर रोजचे कपडे, हातात स्वतःच्या बंदुका. नट आणायला पैसे नव्हते, म्हणून गावालाच बोलावलं होतं. त्यांच्याशी बोलणारा टीव्हीचा बातमीदारही पिट्सबर्गच्या टीव्हीवरचा खराच निवेदक, बिल कार्डिल. माणसं कॉफी पितात, हसतात, गप्पा मारतात. सुट्टीच्या दिवशी शिकारीला निघाल्यासारखी.

आवाज ऐकून बेन वर येतो. खिडकीशी जातो, बाहेर डोकावतो. लांबून कुणीतरी नेम धरतं. एक गोळी. शेरीफ शाबासकी देतो आणि म्हणतो, हा आणखी एक जाळायला घ्या.

त्यानंतर चित्र हलायचं थांबतं. श्रेयनामावली सुरू होते ती स्थिर छायाचित्रांवर. जाड कणांची, वर्तमानपत्रात छापून आल्यासारखी. मांस ओढायचे आकडे हातात घेतलेली माणसं. जमिनीवर बेनचं प्रेत. मग लाकडांचा ढीग. दक्षिणेतल्या झुंडबळींची, म्हणजे गोऱ्या जमावांनी ठार मारलेल्या कृष्णवर्णीयांची, जी छायाचित्रं अमेरिकेनं पाहिली होती, त्यांच्याच जातीची ही छायाचित्रं आहेत. त्या गावकऱ्यांचा अभिनय म्हणावा असं काही नाही, आणि म्हणूनच ती माणसं अंगावर येतात. स्टुडिओत वेशभूषाकारानं सजवलेला जमाव उभा केला असता, तर हे झालंच नसतं.

४ एप्रिल १९६८. तयार झालेली प्रिंट मोटारीत टाकून रोमेरो आणि त्याचा मित्र वितरक शोधायला न्यूयॉर्कला निघाले होते. वाटेत रेडिओवर बातमी लागली : मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. रोमेरोनं हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला. मोटारीत जो सिनेमा होता, त्याचा अर्थ त्या रात्री बदलून गेला होता.

मोठ्या कंपन्यांनी नकार दिला. एकीनं सांगितलं, प्रेमप्रकरण घाला, शेवट सुखाचा करा. मंडळींनी ऐकलं नाही. १ ऑक्टोबर १९६८ला पिट्सबर्गच्या फुल्टन थिएटरात पहिला खेळ झाला.

आणि मग घात झाला. सिनेमाचं आधीचं नाव वेगळं होतं. वितरकानं ते बदललं, तेव्हा नावाची पाटी बदलताना तिच्यावरची स्वामित्वहक्काची ओळही गेली. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात ती ओळ नसली की हक्क संपला. ज्याला हवी त्यानं प्रिंट काढावी, टीव्हीवर दाखवावी, कॅसेट विकावी. ज्यांनी झऱ्यावरून पाणी आणून सिनेमा केला, त्यांच्या हाती त्यातलं फार थोडं लागलं. हे आठवलं की आजही जीव हळहळतो. पण त्याच कारणानं हा सिनेमा घरोघरी पोचला, आणि मेलेल्यांची ही नवी जात कुणा एकाच्या मालकीची राहिली नाही. खुद्द त्या सिनेमात ‘झोंबी’ हा शब्द एकदाही येत नाही. तो लोकांनी नंतर दिला.

[दृश्य : रंगीत. बंद मॉल. सरकते जिने.]

दहा वर्षांनी रोमेरोनं ‘डॉन ऑफ द डेड’ केला. पिट्सबर्गजवळच्या मनरोव्हिल मॉलमध्ये, दुकानं बंद झाल्यावर रात्री चित्रीकरण चालायचं आणि सकाळी मॉलमधलं संगीत सुरू व्हायच्या आत आवरावं लागायचं. मेलेली माणसं मॉलकडेच का येतात, असा प्रश्न त्यात एक पात्र विचारतं. उत्तर मिळतं, आठवण असेल. त्यांच्या आयुष्यात ही जागा महत्त्वाची होती. चंगळवादावरचं भाष्य म्हणून हा संवाद सगळीकडे सांगितला जातो. चांगला आहे. पण माझ्या मते या सिनेमाचा जीव त्याच्या आधीच्या प्रसंगात आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

गरिबांची चाळवजा इमारत. राहणारे कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेले. सरकारचा हुकूम आहे, घरातले मृतदेह ताब्यात द्या. लोक देत नाहीत. पोलीस दारं फोडून आत घुसतात. तळघरात चादरीत गुंडाळलेली माणसं आहेत, वळवळणारी. आपलीच माणसं, दडवून ठेवलेली. यांनी ती का ठेवली, असं एक शिपाई विचारतो. दुसरा, जो स्वतः कृष्णवर्णीय आहे, सांगतो की मरणालाही मान असतो, असं यांना अजून वाटतं. महामारीच्या दिवसांत ज्यांना आपल्या माणसाचं शेवटचं तोंडही पाहता आलं नाही, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

१९७४चा ‘डेथड्रीम’ही असाच हातातोंडाशी गाठ घालत झालेला. व्हिएतनाममध्ये मुलगा मेल्याची बातमी येते आणि त्याच रात्री मुलगा दारात उभा राहतो. आईनं देवाकडे मागितलंच होतं. तो जेवत नाही, झोपत नाही, अंधारात खुर्चीत डुलत बसतो. त्याला रक्त लागतं, आणि ते तो सुईनं टोचून घेतो. व्यसन घेऊन परतलेले सैनिक तेव्हा अमेरिकेच्या प्रत्येक शहरात होते. सिनेमाचा बराचसा भाग एका घरातला. पण बाप मुलाकडे बघतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते युद्धपटांत क्वचित दिसतं.

[दृश्य : डोंबिवली स्टेशनचा पूल. गर्दी.]

आपल्याकडे हे वारं पोचायला बराच काळ गेला. आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ २६ जानेवारी २०२२ला आला. मराठीतला पहिला झोंबीपट म्हणून त्याची ओळख झाली. एका बाजूला टॉवर, शेजारी वस्ती, आणि मधे पाण्याचा प्रश्न. काही ठिकाणी त्यातली पात्रं प्रश्न बोलून दाखवतात, तिथं तो मला थोडा सैल वाटतो. पण गोष्ट डोंबिवलीत घडवायची, हा निर्णय पक्का आहे. कोरडा नळ, टँकरची वाट आणि हंड्यांची रांग कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला कुणी शिकवावी लागत नाही. इव्हान्स सिटीच्या गावकऱ्यांना बंदूक धरायला शिकवावी लागली नव्हती, तसंच हे. आज मोबाइलवर सिनेमा करू पाहणाऱ्या आपल्या मुलांना मी हेच दाखवेन. परदेशी सिनेमातलं जंगल आणू नका. तुमच्या गल्लीत रात्री दोनला पाणी येतं ना, तिथं कॅमेरा लावा.

[दृश्य : इव्हान्स सिटीची दफनभूमी. आजची, रंगीत.]

१९९९ साली ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ची निवड अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाली. ड्वेन जोन्स तो दिवस पाहायला नव्हता, तो १९८८ सालीच गेला. रोमेरो २०१७च्या जुलैत गेला. ते घर ठरल्याप्रमाणे पाडलं गेलं.

दफनभूमी मात्र आहे. सुरुवातीच्या प्रसंगात दिसणारं तिथलं छोटं प्रार्थनाघर मोडकळीला आलं होतं, तेही पाडायचं ठरलं होतं. सिनेमावर जीव असलेल्या माणसांनी वर्गणी काढली. हे काम अंगावर घेतलं गॅरी स्ट्रायनर यांनी, म्हणजे १९६७ साली याच सिनेमाचं ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्या तरुणानं. प्रार्थनाघर दुरुस्त झालं. दारं-खिडक्या नव्या बसल्या. समोरचा रस्ता अजूनही तसाच, वळणं घेत वर येतो.

[दृश्य : रिकामा रस्ता. मोटारीचा आवाज जवळ येतो.]