श्रावणातली दाढी आणि फाउंड्रीतली धूळ

(भोसरीत फाउंड्री कामगारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आत येताना पाहिलं, निम्म्या जणांच्या गळ्यात रुमाल आहेत. फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग (ओतलेला भाग) घासून साफ करायला, बसलं की तोच नाकावर चढतो आणि जेवणाच्या सुट्टीत त्यानेच घाम पुसला जातो. रुमालाला मी नावं ठेवत नाही. डोळ्यांना दिसणारी धूळ तो थोडीफार अडवतो. पण तेवढं काम आपलं नाकही करतं. फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसते ती चार-पाच मायक्रॉनहून बारीक धूळ. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड, म्हणजे अंदाज करा. कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरखाली फुटते तेव्हा सिलिकाचे असले कण उडतात आणि मशीन बंद झाल्यावरही कितीतरी वेळ हवेत तरंगतात. फुफ्फुसात त्यांचे वण पडतात आणि ते भरून येत नाहीत. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही, वर टीबीचा धोका वाढतो. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातही हा सरकारला कळवायचा आजार होता. कळवतात किती, ते सोडा.

मग एन-९५ मास्क घ्यायचा. ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी किमान ९५ टक्के तो अडवतो, पण हवा त्याच्या कापडातून गेली तर. कडेला फट असेल तर ती फटीतूनच जाणार. खालचा पट्टा मानेला टोचतो म्हणून कापून टाकणारे मी बरेच पाहिलेत. नाकावरची पट्टी दाबायची असते, हेही कुणी सांगितलेलं नसतं. धुवून वाळत घातला तर संपलाच. त्याच्या धाग्यांवरचा विद्युतभार बारीक कण ओढून धरतो, तो धुण्याने उतरतो.

फट आहे का ते बघायची युक्ती मजेशीर आहे. मास्क लावून डोक्यावर टोपडं घालायचं आणि आत सॅकरिनचा फवारा मारायचा. जिभेला गोड लागलं की मास्क गळतोय.

पेंट शॉपवाल्यांनी मात्र यातलं काही गृहीत धरू नये. धुळीचा मास्क थिनरची वाफ अडवत नाही, त्याला कोळशाचं कार्ट्रिज लागतं. टू-पॅक, म्हणजे दोन डबे मिसळून लावायच्या, पेंटमधल्या आयसोसायनेट या घातक रसायनाचा तर वासही वेळेवर येत नाही, तिथे बाहेरून नळीने आणलेली हवाच हवी. आणि टाकीत, चेंबरमध्ये उतरणाऱ्यांनो, हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, तो १९.५ च्या खाली गेला तर कुठलाच फिल्टर तुम्हाला वाचवणार नाही. फिल्टर हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही.

खरं तर मास्क शेवटी येतो. आधी ग्राइंडरच्या तोंडाशी धूळ ओढणारा पंखा हवा, जमेल तिथे धूळ दाबायला पाणी.

मागून एकाने विचारलंय, "सर, श्रावणात दाढी करत नाही, मग?" दोन दिवसांची खुंटंसुद्धा मास्क चेहऱ्याला टेकू देत नाहीत, दादा. सैल हुडाचं यंत्र मिळतं. कमरेचा बॅटरीवरचा पंखा गाळलेली हवा डोक्यावरच्या हुडात सोडतो. त्याला दाढी चालते. महाग आहे, म्हणून आषाढातच मालकाकडे मागा.