मालकाच्या बाजूने उभे राहताना

वांद्रे पूर्वेला, शासकीय वसाहतीतील प्रशासकीय इमारतीत, मुंबईचे औद्योगिक न्यायालय भरते. इथल्या बाकांवर पगारपत्रके आणि हजेरीपटांच्या झेरॉक्स मांडीवर घेऊन बसलेले कामगार दिसतात, युनियनचे पदाधिकारी दिसतात आणि त्यांच्यापासून थोड्या अंतरावर कारखान्याच्या अधिकाऱ्याशी हलक्या आवाजात बोलणारा एक वकील दिसतो. या वर्तुळात त्याला ‘मॅनेजमेंट साइडचा’ म्हणतात. ज्या शहराने गिरणगाव वाढताना आणि विझताना पाहिले, त्या शहरात ही ओळख सहजासहजी मानाची ठरत नाही.

कायद्यानेही या वकिलाला बराच काळ उंबऱ्याबाहेर ठेवले होते. 1947 च्या औद्योगिक विवाद अधिनियमातील कलम 36 नुसार समेटाच्या कार्यवाहीत वकिलाला उभेच राहता येत नसे, आणि न्यायाधिकरणापुढे उभे राहायचे तर विरुद्ध पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी या दोन्ही गोष्टी लागत. ज्या युनियनविरुद्ध लढायचे, तिच्याच होकारावर त्याचा प्रवेश अवलंबून असे. पैशाच्या जोरावर उभी केलेली कायद्याची हुशारी कामगाराला भारी पडू नये, ही त्यामागची भीती रास्त होती, असे आम्हाला वाटते.

महाराष्ट्रात या कामाला वेग आणला तो 1971 च्या कायद्याने. कामगार संघांची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा यांविषयीचा हा कायदा प्रत्यक्षात 1975 मध्ये लागू झाला आणि बोलीत ‘पल्प’ या नावाने रुजला. सरकारने वाद न्यायालयाकडे सोपवण्याची वाट न पाहता कामगाराला थेट तक्रार दाखल करता येऊ लागली आणि अंतरिम आदेशही मागता येऊ लागला. त्यामुळे मालकाच्या वकिलाला काही वेळा एका दिवसात कागद गोळा करून उत्तर द्यावे लागते, आणि त्या घाईतच त्याला कळते की कारखान्यात कागद किती निष्काळजीपणे ठेवले गेले आहेत.

कारण या वकिलीतील हार-जीत बहुतेकदा न्यायालयात ठरत नाही. ती त्याआधी, कारखान्याच्या एखाद्या खोलीत चाललेल्या खातेअंतर्गत चौकशीत ठरलेली असते. दोषारोपपत्रात नेमकी तारीख, वेळ आणि कृत्य लिहिले होते का, कामगाराला कळेल अशा भाषेत ते दिले होते का, साक्षीदारांची उलटतपासणी घेऊ दिली का, हे प्रश्न साधे वाटतात, पण अनेक वर्षांनी न्यायाधीश त्यांवरच बोट ठेवतात. बॉम्बे पोर्ट ट्रस्ट विरुद्ध दिलीपकुमार नाडकर्णी या 1982 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की व्यवस्थापनाने चौकशीत कायद्याचे शिक्षण घेतलेला माणूस उभा केला असेल, तर कर्मचाऱ्यालाही वकील नाकारता येणार नाही. चौकशी सदोष ठरली, तरी न्यायालयातच पुरावा देऊन आरोप सिद्ध करण्याची संधी मालकाला मिळू शकते. मात्र ती लेखी कैफियतीतच, म्हणजे न्यायालयात दिलेल्या लेखी उत्तरातच, मागून ठेवावी, हे 2001 मध्ये घटनापीठाने पुन्हा सांगितले. एवढा एक परिच्छेद लिहायचा राहिला, तर पुढची सगळी मेहनत वाया जाऊ शकते. नव्याने या क्षेत्रात आलेल्या वकिलाला ज्येष्ठांकडून पहिला धडा मिळतो तो या परिच्छेदाचाच.

आरोप सिद्ध झाले, तरी काम संपत नाही. 1971 पासून औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम 11अ नुसार न्यायाधिकरणाला शिक्षा जास्त वाटली, तर ती कमी करता येऊ लागली. वीस वर्षे स्वच्छ नोकरी केलेल्या माणसाला एका भांडणासाठी बडतर्फ केले, तर भांडण खरे असूनही तो कामावर परत येऊ शकतो. कामावर घेण्याच्या आदेशाविरुद्ध मालक उच्च न्यायालयात गेला, तर त्याच अधिनियमाच्या कलम 17ब प्रमाणे निकाल लागेपर्यंत शेवटच्या पगाराएवढी रक्कम द्यावी लागे, आणि दीपाली सुरवसे प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की बेकायदा काढून टाकलेल्या कर्मचाऱ्याला मागील पूर्ण पगार मिळणे हा सर्वसाधारण नियम आहे.

हे सगळे आकडे कागदावर मांडून रागावलेल्या मालकाला ‘याला काढू नका’ असे सांगणे, हे या वकिलाचे सर्वांत कठीण काम. फी देणाऱ्यालाच नकार द्यायचा, आणि तोही तो सर्वाधिक चिडलेला असताना! ज्याला हे जमते तोच या कामात मोठा वकील, असे आम्ही मानतो. नुसती उलटतपासणी गाजवणारा नव्हे.

नुसत्या कायदेशीर बाजूवर विसंबून किती दूर जाता येते, याचा विचार करताना मुंबईत 18 जानेवारी 1982 ही तारीख टाळता येत नाही. कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाखाली प्रातिनिधिक संघटना, म्हणजे कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार असलेली संघटना, राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच होती, त्यामुळे सामंतांशी वाटाघाटी न करण्याला मालकांकडे कायद्याचा भक्कम आधार होता. तो आधार न्यायालयात टिकणारा होता, पण हजारो कामगारांचा विश्वास ज्या संघटनेवर उरलाच नव्हता तिच्याशी करार करून गिरण्यांत शांतता येणार नव्हती. त्या संपाचा शेवट कधी रीतसर जाहीरही झाला नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1947 च्या अधिनियमाच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि कामगार कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. कलमांचे क्रमांक बदलले, तरी दोषारोपपत्र नीट लिहिण्याची गरज बदललेली नाही.

दुपारी एका न्यायकक्षात तडजोडीची पुरसिस, म्हणजे न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन, दाखल होते. वकिलाने ती आदल्या दिवशी मराठीत करून दिलेली असते, ग्रॅच्युइटी वेगळी आणि तडजोडीची रक्कम वेगळी दाखवून, धनादेशाचा क्रमांक घालून. न्यायाधीश कामगाराला विचारतात, मजकूर समजला का, सही स्वखुशीने केली का. मालकाचा वकील त्या वेळी काहीच बोलत नाही; तो कामगाराच्या तोंडाकडे पाहत त्याच्या उत्तराची वाट पाहतो.