पहिलं प्रकरण सामवेदावर नको

मंडळी, विषय दिलाय ‘संगीतातला पीएच.डी.चा प्रबंध कसा लिहावा’, त्याच्याकडे येतोच, पण आधी पहिल्या प्रकरणाबद्दल बोलू द्या, कारण ते माझ्या डोक्यात बरीच वर्षं साचलंय. इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या सिनॉप्सिसमध्ये पहिलं प्रकरण ‘संगीताची उत्पत्ती व विकास’ असणार. हसताय म्हणजे आहेच! विषय जयपूर घराण्याची तान आणि सुरुवात सामवेदापासून, मग भरत, मग मतंग, मग शारंगदेव असे जुने ग्रंथकार, आणि त्या घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या कोल्हापुरात पोचेपर्यंत निम्मा प्रबंध संपलेला. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या त्या संकेतस्थळावर, जा, चार प्रबंध उघडा, मी काय म्हणतोय ते दिसेल.

शारंगदेवाबद्दल मला आदरच आहे हो, तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांच्या दरबारातला, म्हणजे आपल्या मातीतलाच. पण त्याच्यावर लिहायचं तर संस्कृत शिका आणि त्याचा ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथच घ्या विषयाला. तोंडी लावायला नको.

एका व्हायव्हाला मी परीक्षक होतो. मुलगी चांगली तयार, गळा सुंदर. मी म्हटलं, बाळ, ग्रंथकार राहू देत, जयपूर घराण्याच्या केसरबाई केरकरांची एखादी तान घे आणि ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कशी येते ते सांग. तिने जरा विचार केला आणि गाऊनच दाखवलं. तीनतालात खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, उचललेली तान, श्वास कुठे लपवलाय, आणि तानेच्या शेवटच्या सुरातनंच मुखड्याचं, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीचं, पहिलं अक्षर कसं निघतं, सगळं बोटावर मात्रा मोजत. आम्ही सगळे ऐकतच राहिलो. विचारलं, हे कितव्या पानावर आहे? तर कुठेच नाही! गाइड म्हणाले होते की हे ‘संशोधन वाटत नाही’. मला याचा फार राग येतो, अजूनही येतो. जे तिला खरंच कळलं होतं तेवढंच तिला लिहू दिलं नाही, आणि जे शंभर जणांनी आधी लिहिलंय ते लिहायला लावलं.

चिठ्ठी आली, वेळ संपत आलाय म्हणतात. बरं, मग भराभर सांगतो.

प्रश्न लहान घ्या. एक गायक, एक राग, चार रेकॉर्डिंग्ज, पुष्कळ झालं. जुनी ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची म्हणतात ती, रेकॉर्ड असेल तर आधी स्पीड तपासा, कारण त्या सगळ्या काही ७८ वर भरलेल्या नाहीत. ७४ वर भरलेली ७८ ला वाजवली की आवाज जवळजवळ अर्धा स्वर वर जातो, आणि आपण लिहून मोकळे होतो की बुवा पेटीच्या काळी दोन पट्टीत गायचे. दुसरं, त्या रेकॉर्डवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची, त्यामुळे तिथे आलाप नाही म्हणजे ते आलाप करतच नव्हते असा निष्कर्ष काढू नका.

नोटेशन भातखंड्यांचं घ्या नाहीतर पलुसकरांचं, पण मींडेवर, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाण्यावर, कमान काढली म्हणजे मींड लिहिली असं होत नाही; सूर मधे कुठे रेंगाळला ते शब्दांत लिहा. हवं तर प्राटसारख्या आवाज मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवर सुराचा आलेख काढा, फुकट मिळतं.

आणि गुरुजींची मुलाखत. अल्लादियाखाँसाहेबांचं गाणं आपल्याला ऐकायला मिळत नाही, त्यांच्याबद्दल जे सांगतो ते शिष्यांच्या गाण्यावरून आणि आठवणींवरून, तर तसं स्पष्ट लिहा, कोण म्हणालं, कधी म्हणालं. गुरुजी म्हणतात एक आणि त्यांच्याच रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं दुसरं, असं झालं तर दोन्ही लिहा. यात अनादर नाही, पाया पडून लिहा पण लिहा.

शेवटी, प्रबंधासोबत क्लिप्स जोडा आणि मजकुरात मिनिट-सेकंद टाका, म्हणजे परीक्षकाला कानाने पडताळता येईल. प्रश्न चहाच्या वेळी विचारा, मी थांबतोय.